कंपनीचे अठराशे

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पगाराचं काम बघते. पगार झाला की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी कुणी ना कुणी येतंच. त्या दिवशी सीएनसी मशीनवरचा एक नवा मुलगा आला. हातात ऑफर लेटर आणि पे-स्लिप, स्लिपवर मशीनचं कूलंट लागलेल्या बोटांचे ठसे.

"ताई, 28,000 सांगितले होते. हातात 24,200 आले. माझे 1,800 पीएफला कापले, 200 व्यवसाय कर, तेही कळलं. पण कंपनीचे 1,800 माझ्याच पगारातून का?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं बेसिक, म्हणजे मूळ पगार, 15,000, त्यावर पीएफसाठी 12 टक्के त्याचे, 12 टक्के कंपनीचे. आपला हिस्सा कामगाराच्या मजुरीतून वसूल करायला कायद्याने कंपनीला मनाई आहे. पण ऑफर लेटरमधला आकडा असतो सीटीसीचा, म्हणजे कामगारावरच्या कंपनीच्या एकूण खर्चाचा, आणि कंपनीचा हिस्सा त्यात आधीच धरलेला असतो. मजुरी ठरते 26,200, ऐकणारा लक्षात ठेवतो 28,000. मुलाखतीच्या वेळी हे कुणी फोड करून सांगत नाही, आणि ते मला मुळीच पटत नाही.

"मग माझा पीएफ बंदच करा. बहिणीचं लग्न आहे."

बंद करता येत नव्हता. आधीच्या नोकरीपासून तो सभासद होता. त्याला स्टूल दिलं, यूएएन, म्हणजे त्याचा पीएफ क्रमांक, टाकून पासबुक उघडलं. कर्मचारी, कंपनी, पेन्शन असे तीन रकाने. त्याने ते पहिल्यांदाच पाहिले. कंपनीच्या 1,800 मधले 1,250 पेन्शनला जातात, 550 त्याच्या खात्यात राहतात, हे दाखवलं.

मग जुन्या कंपनीचं पान उघडलं आणि मीच थांबले. दरमहा त्याचे 960, कंपनीचे 294, पेन्शनला 666. म्हणजे बेसिक फक्त 8,000.

"तिथे पगार किती होता?"

"18,000. हातात इथल्यापेक्षा कमी, पण कापत फार नव्हते."

फोनमध्ये जुनी स्लिप होती. घरभाडे भत्ता 3,000, विशेष भत्ता 7,000. "हा विशेष भत्ता कुणाकुणाला होता?" "सगळ्यांनाच की." सरसकट सगळ्यांना मिळणारा असा भत्ता पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 ला स्पष्ट केलं आहे. घरभाडं त्यातून वगळलेलं आहे. 8,000 आणि 7,000 मिळून 15,000, म्हणजे कंपनीने 1,800 भरायला हवे होते. भरले 960. मी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवला. 840 गुणिले 48 महिने त्यानेच केलं. 40,320, व्याज सोडून.

बराच वेळ तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मलाही काही सुचेना. रोज शेकडो स्लिपा काढणाऱ्या आम्हा लोकांना बेसिक हा नुसता एक रकाना वाटतो. त्याच्यासाठी ती चार वर्षं होती.

पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार कशी करायची ते मी कागदावर लिहून दिलं, जुन्या स्लिपा जपून ठेवायला सांगितल्या. त्याच आठवड्यात साहेबांकडे जाऊन ऑफर लेटरमध्ये 'हातात येणारी रक्कम' अशी वेगळी ओळ मागून घेतली.

बंद करायचं पुन्हा त्याने काढलं नाही. दारापर्यंत जाऊन मागे आला.

"ताई, माझा रूम पार्टनर अजून तिथेच आहे. उद्या सुट्टीत त्याला घेऊन येऊ?"