टूसॉनचा सेव्हन फॉल्स: वाळवंटात मांडीभर गार पाणी

भाचा अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात शिकतो, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचं शहर, टूसॉन केलं. निघण्याआधी ज्याने त्याने एकच सांगितलं: वाळवंट आहे, प्यायला पाणी भरपूर घ्या. पाण्यात उतरावं लागेल हे कोणी बोललं नाही.

शहराजवळच्या सबिनो कॅन्यन या दरीच्या पार्किंगपासून सेव्हन फॉल्स धबधब्याला जाऊन-येऊन साधारण 13 किलोमीटर. भाच्याच्या रूममेटने छातीठोकपणे सांगितलं होतं की शटल बस थेट धबधब्यापाशी सोडते. साफ चूक. शटल बेअर कॅन्यन या शेजारच्या दरीच्या तोंडाशी सोडते. तिथून पुढे जवळपास चार किलोमीटर चाल, आणि त्यात सात वेळा ओढा ओलांडायचा. एरवी दगडांवरून पाय न भिजवता जाता येतं. पण आदल्या आठवड्यात वर कॅटलिना डोंगरांत बर्फ पडला होता आणि ते वितळून सगळं खाली येत होतं. तिसऱ्या ठिकाणी गुडघाभर, पाचव्या ठिकाणी मांडीपर्यंत.

सह्याद्रीत पावसाळ्यात ओढे पार करणाऱ्यालाही हे जड जातं. आपल्याकडचं पाणी गढूळ असतं, पण असं गार नसतं. इथे तळाचा गोटा न् गोटा दिसतो, पण अर्ध्या मिनिटात बोटं बधिर होतात. पाऊल कुठे ठेवलंय ते डोळ्यांना दिसतं, पायाला कळत नाही. शेवाळलेल्या गोट्यांवर हेच खरं धोक्याचं.

तेव्हा बूट काढून अनवाणी उतरू नका, बुटांसकट जा. काठी हवीच. कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. काठावर चोया निवडुंग आहे, त्याचा काटेरी गोळा चिकटला तर हाताने ओढू नका, कंगव्याने उपटून काढा. डोंगरावर काळे ढग दिसले की तिथूनच मागे फिरा. जुलै ते सप्टेंबर वादळी पावसाचा काळ, ओढ्याला अचानक लोंढा येतो, तेव्हा तर जाऊच नका. परतीच्या शेवटच्या शटलची वेळ जातानाच विचारून घ्या. आम्ही परतलो तेव्हा ती निघून गेली होती, मग ओल्या मोज्यांनी डांबरी रस्ता तुडवला.

तरीही जा. एकावर एक उतरणाऱ्या त्या कुंडांसमोर बसून खाल्लेली पोळी-चटणी विसरणं शक्य नाही.

राहण्याचं मात्र चीड आणणारं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शहरभर रत्नं-खनिजांची प्रदर्शनं असतात. मोटेलवाल्याने नेहमीच्या तिप्पट भाडं लावलं, खोलीत हीटर बंद, आणि पार्किंगचे पैसे वेगळे. ही लूट आहे. प्रदर्शन बघायचं नसेल तर मार्चमध्ये या.

गावात फिरायला विद्यापीठ, फोर्थ अ‍ॅव्हेन्यू, डाउनटाउन अशी ट्राम आहे, आम्ही होतो तेव्हा फुकट होती. उंच साग्वारो निवडुंगांचं साग्वारो नॅशनल पार्क संध्याकाळी छानच.

आणि आरशांची प्रयोगशाळा सोडू नका. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली 8.4 मीटर व्यासाचे दुर्बिणीचे आरसे ओततात. भट्टीच गरगर फिरते, त्यामुळे वितळलेली काच कडेला चढते आणि आरशाला आपसूक खोलगट आकार येतो. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. नोंदणी आधी करावी लागते, आणि ती सेव्हन फॉल्सच्या दिवसाची करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळचीही नको. पाय उठत नाहीत.