साडेचार लिटर दूध आणि कोरी यादी

सकाळी सव्वानऊला दूध संघाच्या हिशेबनिसांचा फोन. "साहेब, कालपर्यंत यादीत चाळीसेक नावं होती, आज एकबी नाही. सगळी दूध घालाय लागली म्हणायचं का?"

ती यादी माझीच करणी. दर दहा दिवसांच्या बिलाआधी त्यांना एवढंच बघायचं असायचं, की कोणत्या सभासदानं या दहा दिवसांत थेंबभरही दूध घातलं नाही. मग सुपरवायझर त्यांच्या दारात जाणार. दर वेळी एक्सेल काढून द्यायचा कंटाळा आला, म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक व्ह्यू (जतन करून ठेवलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बांधला आणि वेब ॲपच्या स्क्रीनला जोडून दिला. क्वेरी चार ओळींची: संकलनाच्या नोंदींत ज्यांचा क्रमांक 'नॉट इन' (म्हणजे त्यांत नाही), ते सभासद दाखव. तीन महिने बिनबोभाट चालली.

आता लॉग स्वच्छ, एरर नाही, आणि स्क्रीन निवांत सांगतेय, शून्य नोंदी. एरर आली असती तर परवडलं असतं. तासभर तारखांच्या मागे लागलो (आमच्याकडे काही बिघडलं की पहिला संशय टाइमझोनवर). शेवटी दूध घातलेल्यांचे क्रमांक काढणारी आतली क्वेरी एकटी चालवून क्रमांक ओळीनं लावले. अगदी तळाला एक घर रिकामं.

कालची संध्याकाळ, म्हैस, ४.५ लिटर, फॅट ६.२, सभासद क्रमांक नल, म्हणजे काहीच भरलेलं नाही.

केंद्रावरचं मशीन बंद पडलं होतं, नोंद हातानं झाली, क्रमांक राहिला. तो कॉलम सक्तीचा करायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. 'नॉट इन' एकेका क्रमांकाशी ताडून बघतं. ११२ म्हणजे १०५ नव्हे, खरं. १०८ नव्हे, खरं. नल नव्हे? माहीत नाही. आणि 'माहीत नाही' असं उत्तर आलेली ओळ एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) सरळ गाळतं. एका बेवारस नोंदीपायी सगळी यादी साफ!

त्याच्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स' (जुळणारी नोंद आहे की नाही, एवढंच बघणारं) घालून व्ह्यू पुन्हा बांधला. एकेचाळीस नावं परत आली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर यादी घेऊन फिरला. एका मावशींच्या दारात विचारलं, "दूध का बंद केलंय?"

"परवा सांजच्याला साडेचार लिटर घातलं की! म्हस नुकती व्यालीय. त्याचं पैसं कवा देताय?"