लाल चर्चवाले फ्रान्सिस कोणते?

मागच्या आठवड्यात नागपूरहून भाची इंदूरला आली होती. दोन दिवस सराफा आणि छप्पनच्या खाऊगल्ल्या करण्यात गेले, तिसऱ्या दिवशी ऑटोतून लाल चर्चवरनं चाललो होतो तर बाहेर बघत म्हणते, आत्या, हे सेंट फ्रान्सिस आमचेच नं? पोरगी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिसवाल्याच, कॉलेजची. मी एकदम छातीठोकपणे, हो हो, तेच. साफ चूक! अख्खा जन्म इंदूरात काढलाय मी, आणि हे उत्तर.

पण खरं सांगू का, आम्ही इंदूरवाले चर्च संताच्या नावानं ओळखतच नाही, रंगानं ओळखतो. एक लाल, एक पांढरं, झालं. पांढरं ते सेंट ॲनचं, ते कॅथलिक नाही, सीएनआयचं, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे, आणि ॲन म्हणजे मेरीची आई, म्हणजे येशूची आजी की हो! लाल आहे ते कॅथलिकांचं कॅथीड्रल, म्हणजे बिशपची खुर्ची असते ते, आणि ते असिसीच्या फ्रान्सिसचं. भाचीच्या एसएफएसमधले फ्रान्सिस द सेल्स, ते वेगळे. (मला लहानपणी ते सेल्स-मार्केटिंगवालं काहीतरी वाटायचं, हसू नका.) आणि झेवियर्स कॉलेजं ज्यांच्या नावाची ते फ्रान्सिस झेवियर, तिसरेच.

घरी येऊन मग दोघी मोबाईल घेऊन बसलो आणि गंमत अशी की असिसी गाव, सेल्स गढी आणि झेवियर पण गढीच. म्हणजे हे सगळे आपल्यासारखे -करच निघाले. असिसीकर, सेल्सकर, झेवियरकर! झेवियर हा मूळ बास्क भाषेतला शब्द, अर्थ नवं घर, म्हणजे तर सरळ नवघरेच झाले. आता -कर लागतं कधी, तर गाव सुटल्यावर, गावातच राहिलेल्याला कोण गावाच्या नावानं हाक मारणार. आमच्या इंदूरातल्या अर्ध्या मराठी लोकांच्या आडनावात एक गाव असतं जे त्यांनी जन्मात बघितलेलं नसतं. हे झेवियरकर पण तसेच, 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले, घरी परत नाहीच, देह आपल्या गोव्यात.

यातले असिसीवाले सगळ्यात जुने. बाप कापडाचा व्यापारी, पोरगा सगळं, अगदी अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत देऊन निघून गेला. 1226 मध्ये वारले आणि दोनच वर्षांत संत. त्यांच्या मागनं फ्रान्सिस्कन लोक आले, त्यात पुन्हा कॅपुचिन वगैरे शाखा, आणि त्यांच्याच गावची क्लारा, तिच्या नावानं बायकांच्या क्लॅरिस्ट मंडळ्या. सेल्सकरांचं नाव पण या असिसीकरांवरूनच ठेवलेलं.

सेल्सकर मला जास्त जवळचे वाटले, कारण होते जिनिव्हाचे बिशप पण जिनिव्हा प्रोटेस्टंट झालेलं, म्हणून मुक्काम आन्सीला, आणि तरुणपणी लोक प्रवचन ऐकायला येईनात तेव्हा हे पत्रकं लिहून दाराखालून सरकवायचे. म्हणून ते पत्रकारांचे आणि लेखकांचे संत, त्या हिशोबानं ब्लॉगवाल्यांचे पण धरू. 1838 मध्ये आन्सीतच मेर्मिये नावाच्या फादरनी त्यांच्या नावानं मिशनरी मंडळ काढलं, त्यांचीच माणसं पुढे नागपुरात आली, म्हणून भाचीचं एसएफएस. आणि डॉन बॉस्कोंनी इटलीत स्वतःचं मंडळ काढलं तेव्हा त्याला पण नाव दिलं ते या सेल्सकरांचंच, सेलेशियन. स्वतःचं नाव नाही लावलं, आपल्याकडे नगरसेवक बाकाला पण लावतात.

मग बोलता बोलता सिस्टर राणी मारियांचा विषय निघाला. त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट, म्हणजे फ्रान्सिस आणि क्लारा दोघांचं नाव लावणाऱ्या. केरळातल्या पुल्लुवळी गावच्या, काम इकडे मध्य प्रदेशात उदयनगरकडच्या आदिवासींमध्ये, सावकारीच्या विरोधात. 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्या पण सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याच्या हाताला राखी बांधली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवला होता. 2017 च्या नोव्हेंबरात इथेच इंदूरात त्यांना ‘धन्य’ घोषित केलं. संत ही त्याच्या पुढची पायरी, आणि नुसत्या धन्य व्यक्तीच्या नावानं चर्च करायचं तर रोमची खास परवानगी लागते.

भाची म्हणाली, आत्या, झाल्या संत तर त्यांचं काय होईल मग, पुल्लुवळीकर की उदयनगरकर?

मी म्हटलं अगं, बस तर इंदूरलाच येत होती.