२५२ चे १२: विलायतेतल्या कॉलेजात मला 'मेमो' आला तेव्हा

मागच्या वेळी हिवाळ्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा कुणीतरी विचारलं होतं की नोकरीबद्दल का नाही लिहीत, तर घ्या.

मी इंग्लंडमध्ये एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात गणित शिकवते. कॉलेज म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर येतं ते हे नाही. इथे सोळा वर्षांपुढची पोरं येतात, एका मजल्यावर प्लंबिंग, खाली विटांचं बांधकाम, कोपऱ्यात हेअरड्रेसिंग आणि वर आम्ही, म्हणजे जीसीएसईच्या (इथली दहावी समजा) गणितात ज्यांना ४ ग्रेड मिळाली नाही त्यांना पुन्हा तेच गणित शिकवणारे (नियमच आहे, ४ मिळाली नसेल तर अठरापर्यंत गणित सुटत नाही, पोरंही वैतागलेली आणि आम्हीही).

तर झालं असं की एका सोमवारी एचआरचं पत्र आलं, अॅबसेन्स रिव्ह्यू मीटिंग, म्हणजे आजारपणाच्या रजांचा आढावा, स्टेज वन, 'फॉर्मल वॉर्निंग दिली जाऊ शकते'. माझे हातपाय गार. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मेमो आला म्हण की. तू त्यांना काही उलट बोलू नकोस हं, सॉरी म्हण आणि ये."

आईचं चुकलं नाही. मी तिकडे चार वर्षं सीएचबीवर होते, तासिका तत्त्वावर. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, तास घेतला तर पैसे, दिवाळीत नाही, मे महिन्यात नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभं राहायचं त्याच खुर्च्यांसमोर. २०१३ मध्ये एमफुक्टोने (महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांच्या संघटनांचा महासंघ) परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा स्टाफरूममध्ये केवढ्या चर्चा चालायच्या, आणि आम्ही सीएचबीवाले कोपऱ्यात मूग गिळून बसायचो, कारण आम्ही काय बोलणार, आम्हाला नुसतं 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं की संपलं. त्यामुळे साहेबांच्या केबिनमध्ये आपल्या बाजूने कुणी बसू शकतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

बसू शकतं. इथे कायदाच आहे, १९९९ चा एम्प्लॉयमेंट रिलेशन्स अॅक्ट, ज्या मीटिंगमधून फॉर्मल वॉर्निंग मिळू शकते तिथे युनियनचा रेप (रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे प्रतिनिधी) किंवा एखादा सहकारी सोबत न्यायचा हक्क. त्याला त्या दिवशी जमत नसेल तर पाच कामाच्या दिवसांच्या आतली दुसरी तारीख आपण सुचवायची, त्यांना ती मान्य करावी लागते. युनियनचं, म्हणजे यूसीयूचं सदस्यत्व मी नोकरीला लागले तेव्हाच घेतलं होतं, खरं सांगायचं तर त्यांच्या टेबलावर चांगली बिस्किटं होती म्हणून.

आमचा रेप प्लंबिंग शिकवतो. साठीला आलेला, बोटांना कायम काहीतरी काळं लागलेलं. मी आठ पानी पॉलिसी त्याच्यापुढे ठेवली तर तो न बघताच म्हणाला, "पान सहा, तिसरा पॅरा वाच, आणि पेन काढ."

इथे सुट्ट्या मोजायचं एक सूत्र आहे, ब्रॅडफर्ड फॅक्टर. वर्षभरात किती वेळा आजारी पडलात त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. मी सहा वेळा घरी राहिले, एकूण सात दिवस, म्हणजे ३६ गुणिले ७, २५२. आमच्याकडे २०० ला घंटा वाजते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सलग ४२ दिवस रजा, पण एकदाच, म्हणून त्यांचा आकडा ४२. मी गणित शिकवते आणि हे मला माहीत नव्हतं! सात दिवसवाली बेचाळीस दिवसवालीपेक्षा सहापट बेजबाबदार. सूत्र बनवणाऱ्याला मायग्रेन नसावा.

आणि सहापैकी चार वेळा मायग्रेनच होता. रेप म्हणाला, हा त्रास तुला वर्षानुवर्षं आहे ना, मग २०१० च्या इक्वॅलिटी अॅक्टमध्ये तो डिसअॅबिलिटीत बसू शकतो, आणि पान सहावर लिहिलंय की अशा रजा वेगळ्या मोजता येतील. 'येतील', 'मोजायच्याच' असं नाही, तोच तर घोळ. आपण मागितलं नाही तर कुणी आपणहून देत नाही.

मीटिंगमध्ये तो माझ्या वतीने उत्तरं देऊ शकत नाही, हे मला आधी कळलं नव्हतं. बाजू मांडू शकतो, शेवटी थोडक्यात सांगू शकतो, मला बाहेर नेऊन कानात बोलू शकतो, पण प्रश्न विचारला की तोंड माझंच. माझा आवाज कापत होता. मॅनेजर वाईट नव्हती, तिला ती पॉलिसी जेमतेम माहीत होती एवढंच. ऑक्युपेशनल हेल्थकडे (कर्मचाऱ्यांची तब्येत आणि काम यांचा मेळ बघणारे) पाठवायचं ठरलं, महिन्याभराने त्यांचा रिपोर्ट आला, चार वेळा वजा झाल्या. उरल्या दोन वेळा, तीन दिवस. ४ गुणिले ३, १२.

सगळं गोड आहे असं नाही हं. १९९३ मध्ये ही कॉलेजं कौन्सिलच्या हातातून सुटून स्वतंत्र झाली, तेव्हापासून प्रत्येकाची पॉलिसी वेगळी, आणि पगारवाढीची राष्ट्रीय पातळीवर शिफारस होते तीही कॉलेजवर बंधनकारक नाही, त्यामुळे पलीकडच्या गावातल्याला मिळालेली वाढ आपल्याला मिळेलच असं नाही. गव्हर्निंग बोर्डावर एक स्टाफ गव्हर्नर असतो, आपणच मतं देऊन निवडतो, मला वाटलं हा आपला माणूस. तर नाही, तिथे बसला की त्याने अख्ख्या कॉलेजचं हित बघायचं, आपलं गाऱ्हाणं घेऊन जायचं नाही. गाऱ्हाण्याला प्लंबरच.

आणि तो आता रिटायर होतोय. परवा कँटीनमध्ये माझ्यासमोर एक फॉर्म सरकवला, म्हणे तू हो रेप, ट्रेनिंगला पगारी वेळ मिळतो, तुला आकडे कळतात. आईला सांगितलं तर फोनवर बराच वेळ शांतता, मग "तुझं तू बघ बाई, पण ते ग्रीन कार्ड का काय ते आधी होऊ दे." (अगं आई, ते अमेरिकेत!)

फॉर्म आठवडाभर बॅगेत पडून आहे. डब्यातल्या वांग्याचं तेल सांडलंय त्याच्यावर, नवीन मागावा लागेल.