माझं नाव जपानीत लिहून द्याल का?

लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही. मी जपानी शिकवते हे कळलं की समोरचं माणूस आधी "बापरे, अवघड असेल नाही?" म्हणतं आणि लगेच पर्स चाचपून कसलं तरी बिल पुढे करतं. "माझं नाव लिहून द्या ना." परवा तुम्हीही तेच विचारलंत. बिलाच्या पाठीवर लिहून दिलं खरं, पण "असंच का लिहिलंत?" याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे.

पहिली गोष्ट, नाव मला तोंडाने सांगा. पासपोर्टवरचं स्पेलिंग दाखवू नका. माझा एक विद्यार्थी साठे. नोकरीसाठी जपानला गेला आणि तिथल्या एका कचेरीत त्याचा 'सासे' झाला. कारकुनाला तरी काय बोल लावणार? इंग्रजीतले ते टी-एच शेजारी शेजारी दिसले की जपानी माणूस सवयीने 'स' लिहितो. स्मिथचा 'सुमिसु' होतो, तसाच साठेचा सासे. पठ्ठ्याने नाव नुसतं म्हणून दाखवलं असतं तर निदान 'साते'वर निभावलं असतं. 'ठे' मात्र त्याला तिथे कुणीच देऊ शकलं नसतं.

नाव लिहायचं ते काताकानात. जपानी वाक्यात तीन लिप्या एकाच ओळीत नांदतात: चिनी मुळाची कांजी अर्थासाठी, गोलसर हिरागाना प्रत्ययांसाठी आणि टोकदार काताकाना परक्या शब्दांसाठी. तुम्ही, मी, पाव, सगळे परके. (पावावरून आठवलं, जपानीत पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचं पान ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं.)

हिरागाना आणि काताकाना, दोन्हींत मूळ अक्षरं 46 आणि आवाज तेच. प्रत्येक अक्षर म्हणजे बाराखडीतला एक अख्खा घास: का, कि, कु, के, को. पाय मोडलेला 'क्' लिहायची सोयच नाही. एकट्याने उभं राहू शकतं ते फक्त 'न्'. त्यामुळे सचिन जसाच्या तसा बसतो, सुनीताही बसते, पण राम आला की शेवटच्या 'म्'ला 'उ'चा टेकू द्यावा लागतो. तिथे प्रत्येक राम हा रामूच.

बाकीचं नुकसानही सांगून टाकते. महाप्राण नाहीत, म्हणून भाऊचा अक्षरशः बाऊ होतो. ट आणि त एकच. ल, ळ, र या तिघांत मिळून एक अक्षर, त्यामुळे कला, कळा आणि करा लिहून दाखवलं तर जपानी माणसाला एकच शब्द तीनदा दिसेल. खरे आडनावाच्या लोकांना मी आधीच कल्पना देते, की लिहिल्यावर ते 'कारेए' होईल, आणि कारेए म्हणजे तिथली भातावर ओतून खायची करी. जोशींची मात्र चंगळ. 'जोओशि' म्हणजे ऑफिसातला साहेब.

आता जमेची बाजू. वर्गात पहिल्या दिवशी मी जो तक्ता लावते त्याला 'गोजूओन' म्हणतात, म्हणजे पन्नास ध्वनी. आडवं वाचा: आ, इ, उ, ए, ओ. मग उभं: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून जपानी बौद्ध भिक्षू सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृतची वर्णमाला शिकत. कूकाई हा भिक्षू 806 साली चीनहून परतला तो ही विद्या बरोबर घेऊन. तिच्याच अभ्यासातून हा क्रम आला: कंठापासून निघून ओठांपर्यंत, आणि मग य, र, व. फक्त दोघे जण दुसऱ्याच्या पाटावर बसल्यासारखे दिसतात. 'च'च्या जागी सा, 'प'च्या जागी हा.

पण पाट त्यांचेच आहेत. आजचा 'हा' फार पूर्वी 'पा' होता, ओठ मिटून म्हणायचा. 1603 साली नागासाकीत जेसुइट पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज कोश छापायला घेतला, त्यात या ओळीतले शब्द रोमन 'एफ'ने लिहिलेत, म्हणजे तोवर ओठ अर्धे उघडले होते. पुढे पुरते उघडले, जागा तीच राहिली. एक 'फु' तेवढा अजून अर्ध्यावरच आहे. गरम चहावर फुंकर घालताना होतो तो आवाज, खालच्या ओठाला दात न लावता. आणि 'सा'ही एकेकाळी 'त्सा'च्या जवळ होता, असं बरेच अभ्यासक मानतात.

हा 'त्सा' म्हणजे कोण, ते मराठी माणसाला सांगावं लागू नये. तरी सांगावं लागतं. 'त'ची ओळ आली की वर्ग अडखळतो: ता, चि, त्सु, ते, तो. पुस्तकातला 'त्सु' पाहून मुलं 'त' वेगळा, 'सु' वेगळा, असं काहीतरी शिंकल्यासारखं म्हणतात. मी फळ्यावर 'चूल' लिहिते. म्हणा. झाला त्सु! चुना, चूक, चुलत, सगळीकडे तोच आहे. आणि 'जुना'तला जु म्हणजे त्यांचा झु. मग कुणीतरी हुशार विचारतं, ता आणि त्सु यांच्यामध्ये 'चि' कुठून उपटला? मी म्हणते, 'त्याचा' म्हण. आता 'त्याची' म्हण. वर्ग दोन-तीनदा पुटपुटतो, जीभ कुठे लागते ते चाचपतो आणि हसायला लागतो. लिहायला च एकच, तोंडात मात्र दोन, आणि 'ई' आली की आपोआप बदल. माझा, माझी. 'स'च्या ओळीतही तेच: सा, शि, सु. म्हैस एक, म्हशी दोन. एवढं घरचं गाठीला असताना लोक 'बापरे' का म्हणतात, कळत नाही.

अवघड जाते ती लिखाणातली एक जोडी, आणि तिथे माझीच फजिती झालेली आहे. माझं नाव वर्षा. 'व'साठी काताकानात मुळात सोय नव्हती. 'उ'वर दोन टिंबं द्यायच्या युक्तीचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले विचारवंत फुकुझावा युकिची यांना देतात. पण रोजच्या व्यवहारात बरेच जण सरळ 'बा' लिहून मोकळे होतात, म्हणून मी बारुशा. यातला 'शा' म्हणजे 'शि' आणि त्याला चिकटून बारका 'या'. शि कसा काढायचा? डावीकडे एकाखाली एक दोन आडव्या चिमुकल्या रेघा, मग खालून वर जाणारा फराटा. आणि त्सु? वरच्या बाजूला शेजारी शेजारी दोन उभ्या रेघा, मग वरून खाली येणारा फराटा. छापलेलं पाहिलं तर फरक कळतो. घाईत हाताने काढलं तर देव जाणे. टोकियोतल्या पहिल्याच वर्षी एका दुकानात घरपोच सामानाच्या चिठ्ठीवर मी माझं नाव लिहून आले. दुसऱ्या दिवशी दारात एक माणूस खोकं घेऊन "बारुत्सुया-सान?" असं अदबीने विचारत होता. इथे अशी कुणी राहत नाही, असं तितक्याच अदबीने सांगून मी दार लावून घेतलं. खोक्यात माझा भाताचा कुकर होता.

"कांजीत द्या ना, ती दिसायला छान असते," असाही आग्रह होतो. तो मी मोडून काढते. कांजीला अर्थ चिकटलेला असतो आणि तिचा उच्चार एकच नसतो. सूर्याची कांजी, म्हणजे उभी चौकट आणि मधोमध आडवी रेघ, 'निचियोओबि' म्हणजे रविवार या एकाच शब्दात दोनदा येते. आधी 'निचि' वाचायची, शेवटी 'बि'. जपान्यांचीही एकमेकांची नावं वाचताना हीच पंचाईत होते. तिथल्या फॉर्मवर नावाच्या चौकटीच्या डोक्यावर एक अरुंद चौकट असते, ती नुसता उच्चार लिहायला. आणि कुटुंबांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी दप्तरात, कोसेकीत, हा उच्चार नोंदवायची तरतूद लागू झाली ती थेट मे 2025 मध्ये. तुमच्या नावाला चार छानशा कांजी शोधून दिल्या तर तिथलं कोण काय वाचेल, याची हमी मी कशी देऊ?

तुमच्या आधी आमच्या तळमजल्यावरच्या इंदूआजींनी नाव मागितलं होतं. इ, न्, दु. आता 'दु' मूळ तक्त्यात नाही, त्या घरात 'झु' बसलाय. म्हणून हल्ली 'दो' काढून त्याच्या पायाशी बारका 'उ' देतात. तसं दिलं. आजींनी चष्मा वर केला, कागद लांब धरला.

"हे शेवटी काय लोंबतंय?"

"ते 'दु'साठी, आजी. ते नसलं तर 'इन्दो' वाचतील. जपानीत आपल्या देशाला इन्दो म्हणतात."

आजींनी कागद परत माझ्या हातात दिला. "मग खोड ते."