बुधवारी रात्री आठ वाजता

आमच्या गावाला हिंदी कोणी शिकवली असं कोणी विचारलं तर मी शाळेचं नाव घेणार नाही, रेडिओ सिलोनवर 'गीतमाला' हा सिनेमाच्या गाण्यांना क्रमांक देणारा कार्यक्रम सादर करणाऱ्या अमीन सायानींचं घेईन. आमची वऱ्हाडी हिंदी म्हणजे "क्या करके राहा बे" छाप, पण बुधवारी रात्री आठ वाजता "बहनों और भाइयों" ऐकू आलं की वट्ट्यावरचे सगळे गडी एकदम सभ्य व्हायचे.

ट्रान्झिस्टर आबाजींचा, कातडी कव्हरचा. त्याला हात लावायची आम्हा पोट्ट्यांना परवानगी नव्हती, सेल मात्र आम्हीच दुपारी टिनावर उन्हात तापवून ठेवायचो, कारण नवे सेल कापूस विकल्याशिवाय येत नसत. मग शॉर्टवेव्हवर सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं रेडिओ स्टेशन, शोधायचं, काटा केसभर सरकवायचा, एरियल कधी वर कधी आडवा, आणि खरखरीतून तो आवाज यायचा, हसरा, कोणाच्या घरी पाहुणा यावा तसा. नेमकं "इस पायदान पर है...", म्हणजे या क्रमांकावर आहे, असं म्हटलं की आवाज बुडायचा. मग जो ओरडा! कोणतं गाणं होतं यावर भांडणं, आणि आबाजी "चूप बसा ना बे" म्हणून काटा फिरवून रायले. पहिल्या नंबरच्या गाण्याचा बिगुल वाजला की तेही चूप. गाणी सगळ्यांना पाठ होती, तरी कोणतं वर चढलं, कोणतं घसरलं याची चर्चा गुरुवारी तुरीच्या वावरात चालायची.

गंमत म्हणजे हा सगळा प्रकार सरकारनंच घडवला. १९५२ मध्ये मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली, श्रोते सिलोनकडे वळले, आणि त्याच साली गीतमाला सुरू झाली. मुंबईत रेकॉर्ड झालेली टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून आमच्या यवतमाळकडच्या वट्ट्यावर. प्रायोजक टूथपेस्टवाले, आणि ऐकणारे आम्ही अर्धेअधिक राखुंडीनं दात घासणारे!

अमीन सायानींचं बोलणं इतकं सोपं का, ते मला फार उशिरा कळलं. त्यांची आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पत्रक चालवायच्या, एकच सोपी हिंदुस्तानी पण लिपी तीन, देवनागरी, उर्दू आणि गुजराती. गांधीजींचा पाठिंबा होता, आणि लहानपणी अमीन आईला त्या कामात हातभार लावायचे. ज्याला जेमतेम अक्षर ओळख आहे त्यालाही कळलं पाहिजे, हे घरातूनच आलेलं. म्हणून तर आमच्या आजीला, जिला सहीपण येत नव्हती, त्यांचं सगळं कळायचं. आताचे आरजे ऐकतो मी कधीकधी, वाईट नाहीत, पण श्वास घ्यायची त्यांना फार घाई असते बुवा.

१९८९ मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली. पण तोवर गावात टीव्ही आला होता आणि सगळे चित्रहार पाहायला जायचे. एकदा आम्ही आबाजींनाही ओढून नेलं. दोन गाणी पाहिली त्यांनी, मग मला कोपरानं ढोसून म्हणाले, "काबे, याच्यात बोलते कोन? हे तं नुसतेच नाचून रायले."