घर आधी खणांत मोजा

माझ्याकडे इंटेरिअरचं काम घेऊन येणाऱ्या जळगावच्या बऱ्याच घरांना हल्ली 'पेशवाई' दिवाणखाना हवा असतो. दोन नक्षीदार खांब, मधे महिरप, वर पितळी हंड्या, खाली गादी-तक्के. खांब जुन्या लाकडाच्या बाजारातून येतात, आणि त्या बाजारात ते पुष्कळदा आपल्याच अमळनेर, चोपडा, यावलकडच्या पाडलेल्या घरांतून गेलेले असतात. शंभर वर्षं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, पेललेला सागाचा खांब फ्लॅटमध्ये पीओपीच्या छताखाली नुसता उभा करतात. मला ते बघवत नाही. मागे एका गिऱ्हाइकाला मी सरळ नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी कारण विचारलं. ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांच्याकडून मी जुनं घर वाचायला शिकले ते अमळनेरकडचे एक म्हातारे सुतार. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. पहिल्याच दिवशी मी टेप काढून भिंती मोजायला लागले तर म्हणाले, "बेटा, घर खांबवर उभं से, भितवर नही. आगोदर खांब मोज." धाब्याच्या घरात सगळा भार लाकडी सांगाडा घेतो. दगडी तळखड्यावर, म्हणजे पायथ्याच्या दगडावर, खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, म्हणजे छप्पर पेलणारी आडवी लाकडं. भिंती पांढऱ्या मातीच्या, चांगल्या दोन-अडीच फूट जाड, पण त्या बहुतेक आडोशाला. एखादी भिंत पावसात ढासळली तरी धाबं जागच्या जागी राहतं. उलट मधला एक खांब काढला की त्यावरची तुळई हळूहळू वाकायला लागते. 'दोनच खांब विकतोय, घर तर तसंच आहे' असं म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

भारही थोडाथोडका नसतो. कड्यांवर फळ्या किंवा किलचन, म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर पालापाचोळा नाहीतर तुराट्या, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर खारी माती दाबून बसवलेली. पन्हाळीकडे जरा उतार. दर वर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती पडायची. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. एवढ्या जाड मातीतून दुपारचं ऊन खाली पोचेपर्यंत रात्र पडते, आणि तोवर माणसं बाजा घेऊन धाब्यावर झोपायला गेलेली असतात. हे माहीत असूनही आपण त्याच गावात स्लॅब टाकतो आणि खाली कूलर लावतो.

दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आधी मला हे नुसतं मोजमाप वाटायचं, पण सगळं घर त्याच्यावरच बेतलेलं असतं. मातीचा भार घेऊन कडी न वाकता जेवढी जाईल तेवढाच खण. मी मोजलेल्या एका सात खणी घरात तो पावणेसहा फूट भरला. दाराची चौकट, ओसरीची रुंदी, माजघरातल्या फडताळाची जागा, सगळं त्याच मापात बसत होतं. घर केवढं असं विचारलं की जुनी माणसं पाच खणांचं, सात खणांचं असं सांगतात, चौरस फूट सांगत नाहीत. पाच खण ऐकलं की किती तुळया, किती लाकूड, किती माणसांची पंगत बसेल, एवढं त्यांच्या डोळ्यांसमोर येतं.

फर्निचर म्हणून वेगळं फार काही नसायचंच, बरंचसं भिंतीतच असायचं. त्या सात खणी घराच्या माजघराची एकच भिंत सांगते. उंबऱ्यातून आत गेलं की डाव्या हाताला देवळी, तिच्या वरच्या बाजूला काजळीचा काळा पट्टा. मग दोन दारांचं फडताळ. सागाची दारं, कडी-कोयंडा लोखंडी, आत तीन फळ्या. पुढे ओळीने तीन कोनाडे. मधल्याच्या खालच्या कडेला कुणाच्या तरी रोजच्या हाताने गुळगुळीत खळगा पडलेला. डोक्याच्या उंचीला सागाच्या खुंट्या, आणि टोकाला बळद, म्हणजे भिंतीतलीच दाण्यांची कोठी, त्याचं तोंड एवढंसं की एक हात जेमतेम जाईल. वर तुळईला लोखंडी कड्या होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरहून आलेल्या लेकींचा झोका त्यांनाच बांधायचे, असं घरच्या काकूंनी सांगितलं. एवढी सोय करायला आज मी वॉर्डरोब, शोकेस, स्टोअर आणि क्रॉकरी युनिट अशी चार कामं काढते.

आता ते नक्षीदार खांब. खाली कमळाची बैठक, मधे फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा हा सुरूदार खांब, त्यावर केळफुलाची कोरणी, आणि खांबाखांबांत महिरप. पेशव्यांच्या वाड्यांमुळे आपण त्याला पेशवाई म्हणतो, पण हा घाट शहाजहानच्या काळातल्या मुघल इमारतींमध्ये आधी दिसतो, तिथे संगमरवरात आणि दगडात. तो लाकडात उतरला आणि मराठी वाड्यांत रुजला. मुघलांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं बऱ्हाणपूर, मुमताज महल 1631 मध्ये तिथेच वारली. रावेरच्या पुढे गाडीने थोडंसं अंतर. महिरपीवर जीव असलेल्यांनी पुण्याच्या आधी बऱ्हाणपूर बघावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पुढे 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. मग ओसरीवर लांब हातांच्या, वेताने विणलेल्या आरामखुर्च्या आल्या, आरशाची कपाटं आली. पारोळ्याच्या एका घरात मला वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची दिसली, मुंबईच्या इराणी हॉटेलांत असते त्या जातीची. मिखाएल थोनेटने 1859 मध्ये काढलेल्या 14 नंबरच्या खुर्चीचा हा वंश. मूळ खुर्ची सहा लाकडी भाग आणि दहा स्क्रूंची, सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस मावायच्या. तिची जोडणी आबांना फार आवडली. पाठीवरून हात फिरवत बराच वेळ बघत होते.

फैजपूरचाही उल्लेख करायलाच हवा. 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथलं. गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावून सजावट गावातल्याच साहित्यात करायला सांगितली, आणि बोस यांनी बांबूचा मंडप आणि कमानी उभ्या केल्या. डिझाइनच्या कॉलेजात मला जपानची बांबूची घरं शिकवली, घरापासून तासाभरावरचं फैजपूर कुणी शिकवलं नाही. याचा मला अजून राग आहे.

तुमच्या गावचं धाब्याचं घर उतरवायचंच ठरलं असेल तर कृपा करून आधी सांगाडा कागदावर काढा. कोणता खांब कोणत्या खणातला ते खडूने लिहा, तळखडे मागे सोडू नका, कुसवाला, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडाच्या टोकाला, लाकडी पाचर असेल तर ती ठोकून बाहेर काढा, कुसू करवतीने कापू नका. पूर्ण सांगाडा दुसऱ्या जागी उभा राहू शकतो. तुटके खांब फक्त शोभेला उरतात.

सात खणी घर मात्र पाडायचं नाही असं त्या कुटुंबाने ठरवलं आहे. वाळवी लागलेल्या दोन कड्या बदलल्या, स्वयंपाकघर मागच्या खणात नेतोय, बळद तसंच ठेवतोय. अडलंय ते धाब्यापाशी. आबांना आता वर चढवत नाही, आणि माती कशी भिजवायची, किती दाबायची हे हाताला ठाऊक असलेलं दुसरं माणूस आम्हाला मिळालेलं नाही. तुमच्याकडे कुणी असेल तर कळवा. मजुरी, जाण्या-येण्याचा खर्च, राहायची सोय सगळं घरचे लोक करतील, आणि मिरगाच्या आत काम व्हायला हवं.